गार्डच्या घरी कळवलं का?

आम्ही वडिलांना दादा म्हणायचो. दादा कळमनुरीतल्या एका बँकेत गार्ड होते. फौजेत पंधरा वर्षं काढून ते गावी परतले आणि वर्षभरात बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन उभे राहिले. सकाळी साडेनऊला डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी घरी आले की आधी बूट पुसायचे, मग पाणी मागायचे. दिवसभर काय केलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. माय तर बँकेची पायरीसुद्धा चढली नव्हती. "आपलं काय काम तिथं?" म्हणायची.

तेव्हा हिंगोली वेगळा जिल्हा झाला नव्हता, आमची सगळी कागदपत्रं परभणीच्या नावानं निघायची. मी नववीत होते. थोरल्या बहिणीचं लग्न होऊन गेलेलं, घरात आम्ही तिघंच. शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहायचे, सगळी गल्ली त्यांना गुरुजी म्हणायची. गल्लीतला एकुलता एक फोन त्यांच्याकडे, रंगीत टीव्ही त्यांच्याकडे, आणि सिनेमाबद्दलची मतंही बहुतेक त्यांचीच. तरुणपणी हैदराबादला शिकायला असताना त्यांनी पुष्कळ सिनेमे पाहिले होते आणि त्यातला एकही ते विसरले नव्हते.

त्या दिवाळीत त्यांचा मुलगा नांदेडहून भाड्याचा व्हीसीआर घेऊन आला. बरोबर दोन कॅसेट. एक देवाधर्माची, बायकांसाठी. दुसरी खास गुरुजींनी मागवलेली, बँक लुटण्याचा जुना हिंदी सिनेमा. रविवारी जेवणं उरकल्यावर गुरुजी स्वतः आमच्या दारात आले.

"गार्डसाहेब, आज तुम्हाला यावंच लागेल. तुमच्या खात्याचा सिनेमा आहे!"

दादा सिनेमाला कधी बसत नसत. पण गुरुजींना नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. धुतलेला सदरा घालून ते आले आणि सगळ्यांच्या मागं, दाराजवळ, भिंतीला टेकून बसले.

सिनेमातले लुटारू चौघं. त्यांचा म्होरक्या पूर्वी त्याच बँकेत कारकून होता, खोटा आळ घेऊन काढून टाकलेला. घरी आजारी बहीण. हळू बोलायचा, कुणावर ओरडायचा नाही. चौघं पांढऱ्या मोटारीतून बँकेपुढं उतरतात. दारात स्टुलावर गार्ड बसलेला, उंच, मिशीवाला. कुणी साहेब आलेत असं समजून तो उठतो आणि सलाम ठोकतो. हात कपाळापर्यंत पोचतो न पोचतो तोच गोळी सुटते. त्याची टोपी पायऱ्यांवरून घरंगळत खाली जाते. चौघं त्याला ओलांडून आत शिरतात.

बायकांच्या घोळक्यातून माय एवढंच म्हणाली, "अगं माय!"

बाकी कुणी हललंही नाही. आमचा सगळ्यांचा जीव एव्हाना आत तिजोरीपाशी अडकला होता. घंटा वाजेल का, पोलीस वेळेत पोचतील का, मोटार चालू होईल का. पुढं दोन तास त्या चौघांचीच पळापळ. शेवटी म्होरक्या नदीच्या पुलावर पोलिसांच्या गोळीनं मरतो आणि बहिणीसाठी घेतलेल्या बांगड्या त्याच्या हातातून पाण्यात पडतात. गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या काकू पदर तोंडाशी धरून रडल्या. मी पण रडले.

मग चहा आला आणि मतं सुरू झाली.

"याला म्हणतात पटकथा," गुरुजी म्हणाले. "एक प्रसंग जास्तीचा नाही. एक वाक्य वाया गेलेलं नाही."

"त्याला मारायचं नव्हतं," काकू म्हणाल्या. "बहिणीपायी केलं बिचाऱ्यानं. जेलात घालायचा, चार वर्सांनी सुटून आला असता."

"मारला नसता तर सिनेमा लोकांनी वीस वर्षं लक्षात ठेवला असता का, काकू?" गुरुजींचा मुलगा म्हणाला.

मी म्हणाले, "मला तर म्होरक्या लई आवडला. माणूस चांगला होता, फक्त त्याच्यावर वेळ वाईट आली."

गुरुजींनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं आणि दादांकडं वळले. "बोला गार्डसाहेब, तुमचं मत सांगा. तुम्ही खरे जाणकार."

दादा कपातला चहा बघत होते. "चांगला व्हता," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पर गुरुजी, त्या गार्डच्या घरी कुणी कळवलं का?"

एक क्षण कुणाला काही कळलं नाही. मग सगळे हसले. गुरुजी तर चष्मा काढून डोळे पुसायला लागले. "अहो गार्डसाहेब, तो एक्स्ट्रा! दिवसाच्या मजुरीवर आणलेला. त्याला कुठलं आलंय घर?"

दादाही हसले. मी पण हसले. हसताना सहज मायकडं पाहिलं. ती हसत नव्हती. तिनं चहाला हात लावला नव्हता, वर साय धरली होती.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी दादा निघाले तेव्हा डबा तयार नव्हता. माय म्हणाली, "रोज काहून थंडं खाता? मी दुपारी गरम आणून देते." दुपारी दीडला माय डोक्यावर पदर घेऊन, कापडात बांधलेला डबा काखेत धरून बाजारातून बँकेपर्यंत चालत गेली. मंगळवारीही गेली, बुधवारीही. शनिवारी माझी शाळा सकाळची होती म्हणून मी तिच्याबरोबर गेले. दादा आत जेवून बाहेर आले, रिकामा डबा तिच्या हातात दिला, तरी ती निघेना. समोरच्या कडुनिंबाच्या पारावर बसून राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक माणसाकडं ती नीट बघत होती. एक पांढरी जीप येऊन थांबली तेव्हा ती उभी राहिली. जीपमधून एक म्हातारे शेतकरी आणि त्यांची सून उतरली. माय परत खाली बसली.

असे पंधराएक दिवस गेले. बँकेतले लोक दादांना चिडवायला लागले. रोखपाल म्हणाला, "आता गार्डवर पण गार्ड बसवला का?" त्या संध्याकाळी दादा घरी आले ते बूट न पुसताच बसले.

"तू उद्यापासून येऊ नको," ते म्हणाले. "लोक हसून राहिले."

"हसू द्या. मी कुणाला तकलीफ देते का?"

"पर कशापायी येतीस? डबा मी सकाळी नेत व्हतोच की."

माय भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "त्या माणसाच्या बायकोला कळलंच न्हाई," ती म्हणाली. "तिनं सांजच्याला चूल पेटवली असंल. भाकरी करून वाट बघितली असंल. मला तसं बसायचं न्हाई. काही झालं तर मला कळलं पायजे, लगेच. म्हणून येते."

मी अभ्यासाची वही पुढ्यात घेऊन बसले होते, पण माझं सगळं लक्ष त्यांच्याकडं होतं. चौदा वर्षांच्या वयात मला पहिल्यांदा जाणवलं की आपले वडील ज्या दारात रोज उभे राहतात त्या दाराचा मायला केवढा धाक बसलाय, आणि ज्या म्होरक्यासाठी मी रडले तोच त्याला कारण होता.

दादा उठले, माझ्या वहीचं मधलं पान त्यांनी मागून घेतलं आणि त्याचे दोन तुकडे केले. फौजेत शिकलेल्या टपोऱ्या अक्षरात दोन्हींवर एकच मजकूर लिहिला. आपलं नाव, आमच्या गल्लीची खूण, आणि खाली, "काही झाल्यास घरी ताबडतोब कळवावे." मग म्हणाले, "थांब, फोनचा नंबर पायजे." आणि तसेच अनवाणी गुरुजींकडं गेले. मी मागोमाग गेले.

गुरुजी वर्तमानपत्र वाचत होते. दादा दारातूनच म्हणाले, "गुरुजी, तुमच्या फोनचा नंबर बँकेत देऊन ठिवला तर चालंल का? आमच्या घरी कळवायला. मंडळी घाबरून राहिली. त्या सिनेमापासून."

गुरुजींनी कागद हातात घेतला, वाचला, आणि स्वतःच त्यावर नंबर लिहिला. दुसऱ्यावरही लिहिला.

एक चिठ्ठी दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांच्या टेबलाच्या काचेखाली गेली आणि दुसरी दादांच्या सदऱ्याच्या खिशात. मॅनेजरसाहेबांनी मायला एक दिवस आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि काचेखालचा कागद दाखवला. मायला वाचता येत नव्हतं, पण दादांचं अक्षर तिला ओळखू यायचं. तिनं काचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "व्हय, बराबर हाय." त्यानंतर तिनं दुपारचं जाणं बंद केलं.

एवढ्यावरच हे थांबलं असतं. पण एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या सिनेमांबद्दल वाचकांची मतं छापायचे, आणि गुरुजींचं पत्र तिथं अधूनमधून येत असे. माझं अक्षर चांगलं म्हणून पक्की प्रत मी करून द्यायचे. या सिनेमावरही त्यांनी दिवाळीतच तीन पानांचं पत्र लिहून ठेवलं होतं. पटकथा, संवाद, पुलावरचा शेवट, सगळ्यावर. चिठ्ठ्यांवर नंबर लिहिल्यानंतर आठवडाभरानं त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "शेवटी अजून एक परिच्छेद घाल." मी लिहायला बसले, ते खिडकीकडं तोंड करून सांगत गेले. "माझ्या शेजारी बँकेत गार्ड असलेले एक गृहस्थ राहतात. सिनेमा संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, की त्या मेलेल्या गार्डच्या घरी कुणी कळवलं का. आम्ही सगळे हसलो. मी सर्वांत मोठ्यानं हसलो. आयुष्यभर मुलांना शिकवलं, पण हा प्रश्न मला सुचला नाही, याची मला लाज वाटते."

पत्र गेलं. तीन-चार रविवार काही आलं नाही. मग एका रविवारी गुरुजी सकाळीच पेपर घेऊन आमच्याकडं आले. चेहरा असा की हसावं की रागवावं ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. संपादकांनी पटकथेवरची तिन्ही पानं कापून टाकली होती. शेवटचा परिच्छेद तेवढा छापला होता, वर सिनेमाचं नाव, खाली गुरुजींचं, "निवृत्त मुख्याध्यापक, कळमनुरी."

"गार्डसाहेब," ते म्हणाले, "मत तुमचं छापून आलंय आणि नाव माझं लागलंय. मी काय करू?"

"ऱ्हाऊ द्या गुरुजी," दादा म्हणाले, "तुमच्या नावानं शोभून दिसतंय."

त्यानंतर दोन आठवड्यांनी पोस्टमननं गुरुजींच्या घरी एक पोस्टकार्ड टाकलं. गुरुजींनी ते वाचलं आणि सरळ आमच्याकडं आणून मायच्या हातात दिलं. "हे तुमचं आहे," एवढंच म्हणाले.

मी वाचून दाखवलं. पुसदकडच्या एका गावातून आलं होतं, एका सातवीतल्या मुलीच्या अक्षरात, आईनं सांगून लिहून घेतलेलं. तिचे वडील सरकी काढायच्या जिनिंगवर राखणदार होते. परगावी. तिथं आग लागली तेव्हा ते आतल्या माणसांना बाहेर काढायला गेले आणि परत आले नाहीत. "मला तिसऱ्या दिवशी कळलं," त्या बाईनं लिहिलं होतं. "तोवर मी त्यांच्या वाटेकडे डोळे लावून होते. तुमच्या शेजारच्या गार्डभाऊंनी विचारलं ते वाचून बरं वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांगा."

मायनं मला परत वाचायला लावलं. मग म्हणाली, "कार्ड आहे का घरात?" नव्हतं. तिनं मला पोस्टात पिटाळलं. मी कार्ड घेऊन आले तोवर काय लिहायचं ते तिचं ठरलं होतं.

"लिही. ताई, मी गार्डची बायको."

मी लिहिलं.

"लिही, तुमी येळेवर जेवता का? पोरगी शाळेत जाते का? शाळा सोडू देऊ नका."

"आणि?"

"आणि काय. आणि लिही की उत्तर पाठवा."

उत्तर आलं. पुढं चार-पाच वर्षं ही पत्रं चालली. दोघींनाही लिहिता येत नव्हतं, त्यामुळं खरं तर लिहायचो आम्ही दोघी मुली. कधी कापसाबद्दल, कधी पाण्याबद्दल, तिकडं कुणाचं लग्न, इकडं कुणाचं बाळंतपण. सिनेमाचा विषय पुन्हा निघाला नाही.

आमचा जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात एक कार्ड आलं. त्यांच्या मुलीला नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, आणि मायलेकी अमुक दिवशी एसटीनं जाणार होत्या. गाडी वारंगा फाट्यावर चहापाण्याला थांबेल, जमलं तर तिथं भेटा. मी तेव्हा नांदेडलाच डीएड करत होते आणि सुट्टीला घरी आले होते. माय आणि मी सकाळच्या गाडीनं आखाडा बाळापूरमार्गे फाट्यावर जाऊन दोन तास आधीच बसलो. मायनं नवं लुगडं नेसलं होतं. उतरणाऱ्या प्रत्येक बाईकडं बघून ती मला विचारायची, "हीच असंल का?"

ती उतरली तेव्हा विचारावं लागलं नाही. बारीक, उंच, मायपेक्षा वयानं लहान. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि सरळ मायपाशी येऊन उभी राहिली. दोघी एकमेकींचे हात धरून हॉटेलपुढच्या बाकड्यावर बसल्या. आम्ही दोघी मुली अवघडून उभ्या होतो. इतकी वर्षं एकमेकींचं अक्षर ओळखत होतो, चेहरे नव्हते.

चहा घेता घेता ती बाई म्हणाली, "तो सिनेमा म्या पाह्यला, ताई. मागच्या साली टीव्हीवर लागला होता. पोरीनं नाव वाचून सांगतलं."

मायनं कप खाली ठेवला. "आन् मग?"

"लय चांगला होता बाप्पा. म्या त लय रडली. त्या बांगड्यावाल्यासाठी."

माय तिच्याकडं बघतच राहिली. मी पण. पुढच्या टेबलावर कुणीतरी भजी मागत होतं, एका ट्रकचा हॉर्न वाजत होता.

"बांगड्यावाल्यासाठी?" माय म्हणाली. "आन् गार्डसाठी?"

"त्याच्यासाठी किती रडू, माय?" ती बाई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "त्याच्यासाठी रडून झालं माह्यं. सहा वर्सं रडली. दुसऱ्या कोणासाठी रडायला बरं वाटलं."

मायनं तिचा हात परत धरला. नंतर कितीतरी वेळ तिनं तो सोडलाच नाही. मला माझं नववीतलं मत आठवलं, आणि त्याची इतकी वर्षं वाटलेली लाज थोडी हलकी झाली.

मग माय एकदम कामाचं बोलली. "पोरगी राहणार कुठं?"

"हॉस्टेलात जागा न्हाई म्हन्तात. पाहू कुठं."

"पाहू काय? ही राहते की खोली करून. हिच्यासंगं राहील." माझ्याकडं बघून, "काय गं?"

मला कुणी विचारलं असं म्हणता येणार नाही, पण मी व्हय म्हणाले. कंडक्टरनं घंटी मारली. मुलीची पत्र्याची पेटी टपावरच होती. ती बाई खिडकीतून म्हणाली, "गार्डभाऊंना नमस्कार सांगा," आणि गाडी गेली.

परतताना बाळापूर आल्यावर माय म्हणाली, "तिला तो बांगड्यावाला आवडला बाई." तिच्या बोलण्यात राग नव्हता. घरी गेल्यावर तिनं दादांना सगळं सांगितलं. दादा ऐकत राहिले आणि म्हणाले, "चांगलं झालं, सिनेमा बघितला तिनं."

नांदेडच्या त्या एका खोलीत आम्ही दोघी दोन वर्षं राहिलो. सिनेमाला जायचो तेव्हा आमचं एकमत एकदाही झालं नाही, आणि भांडण खोलीवर येईपर्यंत चालायचं. माय पंधरा दिवसांनी एसटीच्या कंडक्टरकडं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पाठवायची. गाठोड्यावर चिकटवलेल्या कागदावर दादांच्या टपोऱ्या अक्षरात नाव असायचं ते नेहमी तिचं. मी एकदा रुसून विचारलं, "माझं नाव काहून न्हाई घालत?"

माय म्हणाली, "तुला काय, तू मागून खाशील. ती मागायची न्हाई."